तिसरा चौकोन

सुमंत मूळचा वाईचा, नोकरीला सांगलीत. सैनिक कल्याणाच्या सरकारी कचेरीत बारा वर्षं कारकुनी करताना त्यानं कितीक अडाणी माणसांचे अर्ज लिहून दिले, त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं. समोरचा माणूस अडला की त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. असल्या माणसाला कोण वाईट म्हणेल?

नव्याण्णव साली कचेरीची वेबसाइट झाली. सैनिकांच्या घरच्यांनी ओळखपत्राचा अर्ज तिच्यावरच भरायचा. लोकांना ते जमतं का, हे बघायचं काम सुमंतकडे आलं. दहा माणसं कॉम्प्युटरसमोर बसवायची. वेळ किती लागला, कुठं अडलं, ते लिहायचं.

साहेबांनी बजावलं, "वाचायला येत नसेल तर वाचून दाखवा. बाकी हात मांडीवर. मदत करायची नाही."

सहावी आली कुंडलची अंबूबाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा सयाजी एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेला. ना प्रेत आलं, ना निरोप. लष्करी दवाखान्यात मोतीबिंदू काढायला तिला ओळखपत्र हवं होतं.

"आवं सायेब, टीवीच मांडलाय की. शिनुमा कवा लागनार?"

सुमंत हसला. "इतक्या वर्षांनी डोळ्यांची आठवण झाली, मावशी?"

"धनी आले तर वळकाय नकोत व्हय? आटावीस वर्सं झाली. दारात हुबं ऱ्हायले, आन् मीच इचारलं, कोन पायजे, तर?" आपल्याच बोलण्यावर ती लाजली.

पहिल्या पानावर दोन चौकोन होते. सुमंतनं वाचले. माजी सैनिक. सैनिकाची विधवा. एकावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

"आन् तिसरा?"

"तिसरा नाही."

अंबूबाईनं कुठलाच चौकोन सांगितला नाही. उठलीही नाही. पदराचं टोक मुठीत धरून पडद्याकडे बघत राहिली. वीस मिनिटं गेली. बाहेर माणसं खोळंबली. सुमंतला तिची ती मूठ बघवेना.

"मावशी, नुसतं बटण आहे हो. त्यानं काय होतंय?" म्हणत त्यानं दुसरा चौकोन दाबला.

पुढची पानं भराभर उघडली. प्रिंटर करकरला. कागद हातात देताना सवयीनं त्यानं वाचायला घेतलं, "अर्जदार अंबूबाई, कैलासवासी सयाजी..." आणि तो थांबला.

"त्ये दाबलं कुनी?"

"मी."

"मंग तुमीच ठिवा." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि दाराची चौकट चाचपत बाहेर पडली.

साहेबांच्या तक्त्यात सुमंतनं लिहिलं: वेळ, चोवीस मिनिटं. 'कुठं अडलं' हा रकाना त्याला भरता आला नाही.

महिन्यानं तोच कागद घेऊन तो कुंडलला गेला. अंबूबाई उंबऱ्यात बसली होती. कपाळ मोकळं होतं. उन्हाआड हात धरून तिनं समोरच्या पुरुषाच्या आकृतीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

सुमंतनं हातातला कागद घडी करून खिशात घातला.