कर्नलसाहेबांबद्दल दोन शब्द

मी खुर्चीवर बसले. कर्नलसाहेबांच्या ओसरीवरची वेताची खुर्ची. सात-आठ वर्षांची असेन. साहेब सुट्टीवर आले होते आणि बाप मला घेऊन त्यांना भेटायला गेला होता. बाप त्यांच्याच पलटणीतला शिपाई. लढाईत पायाला गोळी लागली, म्हणून कायमचा घरी आलेला. दोघं उभ्यानेच बोलत होते. खंदकात एका थाळीत कसे जेवायचो, त्याचं.

तेवढ्यात साहेबांची आई बाहेर आली. मला बघितलं. गड्याला हाक मारली.

"ती खुर्ची विहिरीवर ने. धुऊन काढ."

गड्याने मला उठवलं. माझ्या देखत खुर्चीवर बादल्या ओतल्या.

मी साहेबांकडे बघितलं. गोळ्या चालू असताना हा माणूस पुढे होऊन हुकूम द्यायचा, असं बाप सांगायचा. पाय फुटलेल्या माझ्या बापाला यानेच पाठीवर टाकून मागे आणलं होतं. तो माणूस आईसमोर एक शब्द बोलला नाही. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

बापाने सलाम ठोकला. कडक. लंगडत निघाला. वाटेत मला म्हणाला, "खुर्चीवर कायले बसली तू?"

मलाच.

साहेब वारले तोवर मी शिकून राळेगाव तालुक्यातच शाळेत बाई झाले होते. कापसाचे वाईट दिवस. आमच्या लोकांच्या वावरात बोंडांविना नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. कापूस होता तो साहेबांच्या ओलिताच्या शेतात. माझी माय आणि भावजय तिथेच वेचणीला जायच्या.

चौकात साहेबांचा पुतळा बसला. त्यांच्या मुलाने मला बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या वडिलांना बाबांनी वाचवलं. दोन शब्द बोला."

बापाला पदक लावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. दाखवायला.

मी बोलले. गोळ्यांचं सांगितलं, पाठीवर आणल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग त्या ओसरीवरचं सांगितलं. टाळ्या थांबल्या.

"साहेब दुश्मनाला भ्याले नाहीत," मी म्हणाले. "स्वतःच्या घराला भ्याले."

माइक बंद झाला. मी आवाज चढवला आणि बोलणं पुरं केलं.

त्या दिवशी बाप जेवला नाही. म्हणाला, "ज्यानं मले पाठीवर आणलं, त्याची तू चौकात इज्जत काढली."

"अन् तुमच्या पोरीची काढली ते, बाबा?"

"मी होतो न तिथं. मले काय दिसत नव्हतं?" एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी साहेबांच्या घरचा दिवाणजी दारात. "तुमच्या बाया वेचाले नका पाठवू."

मायने भाकरी बांधली, भावजयीला घेतलं, परक्या गावात वेचणी शोधायला एसटी स्टँडकडे निघाली. जाता जाता एवढंच म्हणाली, "बोल्ली त बोल्ली. आता मांगं सरू नको."

साहेबांच्या मुलाचे निरोप अजून येतात. माफी मागा, बायांना परत कामावर घेऊ.

मागणार नाही. माझ्या वर्गातली पोरं त्या पुतळ्यावरूनच शाळेत येतात. कोण होते, विचारतात. साहेब शूर होते, मी सांगते. आणि साहेब गप्प बसले, हेही सांगते. यातलं पहिलं ठेवून दुसरं खोडायला कोणी आला, तर त्याला माझ्या वर्गात शिरू देणार नाही.