अर्जात नसलेली चटणी

हिंगोलीच्या प्रदर्शनाच्या अर्जात मी माझ्याच बायकोची जवसाची चटणी लिहायची सोडली. विसरलो नव्हतो. चांगला तासभर डोकं लावून सोडली.

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात, गल्लीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं येतो. बारावीला इंग्रजीत पास झालो होतो, एवढ्याच भांडवलावर. बचत गटाचा अर्ज घेऊन वहिनी आल्या. गटाच्या अध्यक्ष त्याच. सोबत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नऊ वस्तूंची यादी. शेवटी चटणी. बायको आयुष्यात पहिल्यांदा काही विकायला नेणार होती. दोन दिवस घरात भाजलेल्या जवसाचा वास होता.

अर्ज इंग्रजीत छापलेला. नऊ वस्तू एकाखाली एक लिहिणं मला किराण्याच्या चिठ्ठीसारखं वाटलं. म्हणून मी वाक्य रचलं: आम्ही सुके पदार्थ करतो, मग 'उदाहरणार्थ'चं ईजी, मग हळद, पापड, कुरडया, आणि शेवटी 'वगैरे'चं ईटीसी. खरं काम इथून सुरू झालं. 'ई'पुढं टिंब, 'जी'पुढं टिंब, त्यापुढं स्वल्पविराम. ईटीसीच्या आधी स्वल्पविराम लागतो का? दहावीतल्या पोरीला विचारलं. तिनं मोबाइलात बघून सांगितलं, लागतो. आणि ईटीसीचं टिंब तेच वाक्याचं टिंब, दोन द्यायची नाहीत. मी दुसरं टिंब ब्लेडनं खरवडलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "पप्पा, आधी ईजी असलं की मागून ईटीसी लावत न्हाईत."

मी ईटीसीही खरवडलं. कागद पातळ झाला, पण वाक्य बिनचूक झालं.

"समदं लिवलं ना, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

"सगळं आलं त्यात," मी म्हणालो.

प्रदर्शनात टेबलं देणारा माणूस अर्ज हातात धरून सामान ताडून बघत होता. हळद, पापड, कुरडया टेबलावर गेल्या. चटणीच्या बरण्या त्यानं बाजूला सारल्या.

"हे अर्जात न्हाई."

मी पुढं झालो. ईजी म्हणजे काय, टिंबं कुठं आणि का, सगळं त्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, उदाहरणं न्हाई इकायची इथं. वस्तू लिहून द्या."

गिऱ्हाइकं यायला लागली होती. आणखी पाच वस्तू पिशव्यांतच होत्या आणि त्या करणाऱ्या बाया माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. बायको माझ्याकडं बघतही नव्हती. मी घाईनं कोरा कागद मागितला आणि मनात नवीन वाक्य जुळवायला लागलो.

"मराठीत लिहा की," तो माणूस म्हणाला. "काहून इंग्रजीच्या मागं लागले?"

मराठीत चालतं का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

बायकोनं माझ्या खिशातला पेन काढून घेतला. सहा वस्तू, एकाखाली एक. टिंब नाही, स्वल्पविराम नाही. त्या माणसानं कागदावर नजर फिरवली, खाली सही ठोकली, आणि बरण्या टेबलावर गेल्या.

मी कागदावर वाकून म्हणालो, "ओळीच्या शेवटी निदान..."

"तुमी बरण्या पुसा," बायको म्हणाली. "लिहायचं काम तुमाला जमून न्हाई राहिलं."