चढाईपटू दादा आणि त्याचं पथ्य

हेमावहिनीचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या माझ्या शिवणाच्या दुकानात एका ब्लाऊजची बाही बेतत होते. वहिनीचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून आधी काही कळलंच नाही. "ताई, दुकान बंद करा आन् या. तुमचे दादा उठत नायत." एवढंच ती म्हणाली. मी कात्री तशीच कापडात ठेवून निघाले. आमचं गाव मुरबे काही लांब नाही, पण त्या दिवशी रिक्षा पुढे सरकतच नव्हती... घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि माझा मोरूदादा ओटीवर निजवलेला होता. पहाटे झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं. त्याने साठीही गाठली नव्हती.

समाचाराला येणाऱ्या माणसांना काहीतरी बोलावं लागतं. आमच्या एका लांबच्या मावशीने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "एवढं पथ्य पाळलं बिचाऱ्याने. जिभेला कधी सुख नाय दिलं. काय मिळालं शेवटी?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वहिनी खाली मान घालून बसली होती. पण नंतर कितीतरी दिवस मशीनवर बसले की तो प्रश्न डोक्यात फिरायचा. काय मिळालं ते मी पाहिलं होतं. म्हणून हे लिहायला बसले.

तरुणपणी दादा आमच्या गावच्या कबड्डी संघाचा चढाईपटू होता. उंच, काटक, आणि पायांत विलक्षण चपळाई. बाबांच्या बोटीवर जाळं ओढून ओढून खांदे घट्ट झालेले. तो मध्यरेषा ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरला की बघणारी माणसं गप्प व्हायची. विशी ओलांडल्यावर केव्हातरी त्याच्या नडग्यांवर आणि कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढरे पापुद्रे धरू लागले. आधी सगळ्यांना वाटलं, खाऱ्या पाण्याचं असेल, गजकर्ण असेल. नाव कळलं ते पुष्कळ नंतर... सोरायसिस. तोवर चट्टे गुडघ्यापर्यंत चढले होते आणि केसांतही शिरले होते.

मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. दादाला जास्त गुण मिळू लागले. तो चढाईला गेला की समोरचे मागे सरकायचे. पाय हाताशी आला तरी कोणी धरायचं नाही. गावाला वाटायचं, आपल्या मोरूचा दरारा आहे. दादालाही काही दिवस तसंच वाटलं असावं. एका अंतिम सामन्यात आमचा संघ जिंकला, दादाला गळ्यात हार घालून मिरवलं. त्यानंतर तो पाण्याच्या पिंपाजवळ हातपाय धूत होता, आणि पलीकडे हरलेल्या संघाचा कप्तान आपल्या पोरांना सांगत होता, "त्याला कोण धरणार? हाताला कोंडा लागतो त्याचा." मी दादासाठी टॉवेल घेऊन उभी होते. आम्ही दोघांनीही ऐकलं. दादाने टॉवेल घेतला, पाय पुसले आणि घरची वाट धरली. त्यानंतर तो मैदानात उतरला नाही. कितीजण बोलवायला आले. प्रत्येकाला तो सांगायचा, गुडघा दुखतो. एकदाच मला म्हणाला, "बाय, किळस येते म्हणून दिलेले गुण मला नको हायत."

पुढची बरीच वर्षं माझ्या भावाचे पाय कोणी पाहिले नाहीत. उन्हाळ्यातही फुल पँट, बोटीवरही फुल पँट. मी शिवण शिकले होते, म्हणून त्याच्या सगळ्या पँटी मीच शिवायचे, आतून मऊ सुती अस्तर लावून, म्हणजे चट्ट्यांना घासणार नाही. बोईसरच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली. शिफ्टच्या बसने जायचा, यायचा. हेमावहिनी घरात आली. लग्नाआधी दादाने स्वतः जाऊन तिला आजाराबद्दल सांगितलं होतं, आणि ती "बरं" एवढंच म्हणाली होती, असं ती हसून सांगते. पण दादाच्या मनातला सल गेला नाही. सुटीच्या दिवशी सोबत्यांबरोबर पिणं सुरू झालं, मग सुटी नसतानाही. खेळ सुटलेला, बसून काम, कँटीनचं तळलेलं खाणं... काटक दादा जाडजूड होत गेला, आणि अंगावरची एकेक जागा आजार व्यापत गेला. पुढे बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी शर्टाची बटणं वहिनीला लावून द्यावी लागायची.

उपाय केले नाहीत असं नाही. कोणी सांगितलं म्हणून दादा एका औषधवाल्याकडे गेला. त्याने काळी पूड दिली आणि मासे सोडायला सांगितले. मीठ सोडा, दूध सोडा, पांढरं दिसेल ते सगळं सोडा. मासळीवर वाढलेल्या घरात दादा उकडलेला दुधी घेऊन बसायचा आणि आई पदराने डोळे पुसायची. बोटीवरून ताजी मांदेली आली तरी त्याच्यासमोर शिजवायची नाही, असा वहिनीचा कडक नियम. काही महिने गेले. वजन थोडं उतरलं, चेहरा पडला, चट्टे होते तिथेच. दारू मात्र त्या औषधवाल्याने सोडायला सांगितली नव्हती, आणि दादानेही विचारलं नव्हतं.

शेवटी मी त्याला हट्टाने पालघरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाय पाहिले, बोटं दाबून पाहिली, आणि पहिल्यांदाच कोणीतरी आमच्याशी सरळ बोललं. हा आजार खाण्याने होत नाही आणि नुसत्या खाण्याने जातही नाही, औषध घ्यावंच लागेल. पण दारू आणि वाढलेलं वजन आगीत तेल ओतत आहेत. ती दोन्ही आवरली तर औषध लागू पडेल. दादाने खाली बघत विचारलं, "आन् मासे?" बाई हसल्या. म्हणाल्या, "मासे कशाला सोडता? बांगडा खा, तारली खा. तळू नका एवढंच." दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दादा थेट बाजारात शिरला आणि त्याने बांगडे घेतले. त्या दिवशी आईने त्यांचं आंबट कालवण केलं, आणि दादाने ताट पुसून खाल्लं.

मासे परत मिळाले, पण बाकीचं सोपं नव्हतं. हेमावहिनीने स्वयंपाकघर बदललं. तांदळाच्या ढिगाऱ्याऐवजी नाचणीची भाकरी, माठ, शेवग्याचा पाला, कडधान्याची उसळ, मासा कालवणात नाहीतर केळीच्या पानात वाफवलेला. गोड सणापुरतं. तिने वेगळं शिजवलं नाही, घरात सगळ्यांनीच ते खाल्लं. दादा कारखान्यात डबा न्यायला लागला. कँटीनमध्ये बाकीचे पुऱ्या, वडे घेऊन बसलेले, आणि हा पठ्ठ्या काळी भाकरी मोडतोय. शेजारी बसणाऱ्या एका बिहारी सोबत्याने विचारलं, "मोरूभाई, बीमार हो क्या?" इतकी वर्षं दादाने कारखान्यात कोणाला काही कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी तो म्हणाला, "हां, बीमार हूँ. इसीलिए ढंग से खा रहा हूँ." आणि बाही वर करून त्याला कोपर दाखवलं. हे त्याने घरी येऊन वहिनीला सांगितलं, आणि वहिनीने लगेच मला फोन केला. आम्ही दोघी फोनवर किती वेळ नुसत्याच हसत होतो.

दारू सोडणं सगळ्यांत कठीण गेलं. आमच्याकडे हळदीच्या अंगणात हातात ग्लास नसलेला पुरुष म्हणजे रुसलेलाच समजतात. माझ्या थोरल्या मुलाच्या हळदीला मामा म्हणून दादाला मान. जो तो त्याला ओढत होता, ओठाला तरी लाव म्हणत होता. दादाने एक शहाळं फोडून घेतलं, ते डोक्यावर तोललं आणि बँडच्या पुढे असा नाचला की शेवटी पिणारे थकले आणि हा नाचतच राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, एवढं कसं जमलं. तो म्हणाला, "घशाखाली जात नव्हतं ते शहाळंपण. पण नाचायला कोणी बंदी नाय घातली ना."

हे सगळं वाचून वाटेल की चट्टे निघून गेले आणि सगळं छान झालं. तसं झालं नाही. वजन उतरलं, सांधे मोकळे झाले, बटणं तो स्वतः लावू लागला. नडग्यांवरची लाली फिकी पडली, पण पुरती कधीच गेली नाही. थंडीत पुन्हा उठायची. आई गेली त्या वर्षी तर अंगभर उठलं. तेव्हा पथ्य होतं, औषध होतं, सगळं होतं, तरी उठलं. लोक म्हणाले, बघ, काही उपयोग नाही. वहिनीसुद्धा खचली. दादा मात्र म्हणाला, "मी काय पैज लावून खात नाय. मला असं खाल्ल्यावर हलकं वाटतं." आणि माणूस होता तो, संत नव्हता. महिन्यातून एकदा दुकानात यायचा आणि मागच्या खोलीत माझ्याकडून चार कुरकुरीत बोंबील तळून घ्यायचा. "हेमाला सांगू नको" म्हणायचा. हेमावहिनीला सगळं ठाऊक होतं. बोंबील तीच पाठवायची.

एके दिवशी असाच दुकानात आला आणि म्हणाला, माप घे, हाफ पँट शिवायची आहे. मला वाटलं, चेष्टा करतोय. टेप हातात घेऊन मी विचारलं, "किती लांब?"

"गुडघ्याच्या वर."

मी माप घेतलं, पण आकडा दोनदा चुकले. अस्तर लावू का विचारलं, तर म्हणाला, नको.

झालं असं होतं की गावातल्या मुलींना कबड्डीचा संघ काढायचा होता आणि शिकवायला कोणी नव्हतं. कोणाला तरी दादाचं जुनं नाव आठवलं. पहिले काही दिवस तो ट्रॅक पँट घालून गेला, कडेला उभा राहून सांगत राहिला. पण घोट्याची पकड तोंडाने शिकवता येत नाही. त्यासाठी कोणीतरी पाय द्यावा लागतो. नवी हाफ पँट घालून तो मैदानात गेला त्या दिवशी मीही गेले होते. किनाऱ्यालगतची ती वाळूची जागा, ओळीने उभ्या मुली. दादा त्यांच्यासमोर उभा राहिला, उन्हात त्याच्या नडग्यांवरचे फिके गुलाबी डाग स्पष्ट दिसत होते. तो म्हणाला, "पोरींनो, हा सोरायसिस हाय. हात लावल्याने कोणाला होत नाय. तरी कोणाला धरायचं नसेल तर तुमी बाजूला बसा. मला राग नाय येणार."

कोणी हललं नाही. मग त्याने चढाई घेतली. दोन-तीन मुली बिचकतच मागे सरल्या... तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातली जागृती, संघातली सर्वांत बारकी मुलगी, झेपावली. दोन्ही हातांनी तिने दादाचा घोटा असा आवळला की तो सपशेल वाळूत आडवा झाला. बाकीच्या मुली अंगावर पडल्या. धूळ खाली बसली तेव्हा दादा उताणा पडून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जागृती घाबरून विचारत होती, सर, लागलं का? तो म्हणाला, "नाय गं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बाद केलं."

काय मिळालं, असं मावशींनी विचारलं होतं. हे मिळालं. त्यानंतरची कितीतरी वर्षं माझा भाऊ उघड्या पायांनी गावभर फिरला. त्याच्या संघातल्या मुली तालुक्याला जिंकल्या, जिल्ह्याला खेळल्या. त्यांच्या गणवेशाचं कापड मी बेतलं. सामन्याआधी काय खायचं, वडापाव का नाही आणि उसळ का, हेही तो त्यांना सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी मागाहून वहिनीला सांगितलं की या आजाराचा ताण हृदयावरही पडतो, आणि दादाने इतकं सांभाळलं नसतं तर काय झालं असतं हे कोणीच सांगू शकत नाही. मी आयुष्याचं गणित मांडत नाही. मी फक्त त्याचे दोन काळ पाहिलेत, लपण्याचा आणि न लपण्याचा, आणि मला त्याच्या दुसऱ्या काळाचा अभिमान आहे.

दहाव्याला खाडीकाठी पान मांडलं तेव्हा चुलतभावाने रीतीप्रमाणे खिशातून दारूची छोटी बाटली काढली. हेमावहिनीने त्याचा हात धरला. "ज्यांनी जिवंतपणी सोडून दिली, त्यांना आता कशाला? भाकरी ठेवा." पानावर नाचणीची भाकरी आणि बांगड्याचं कालवण ठेवलं. कावळा लगेच आला की उशिरा, ते मला आठवत नाही. मी वहिनीकडेच बघत होते.

मागच्या आठवड्यात मुरब्याला जाऊन आले. घराच्या मागच्या पडवीत, जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथे दादा रोज कामावर जाण्याआधी पाय लांब करून बसायचा आणि नडग्यांना खोबरेल चोळायचा. टाचा टेकायच्या तिथे फरशीवर तेलाचे दोन काळपट गोल उमटलेत. वहिनी फरशी पुसत होती. ती त्या जागेपर्यंत आली, फडकं बाजूने वळवलं, आणि पुढे गेली. मग आत जाऊन भाकरी घेऊन आली, आणि आम्ही दोघी तिथेच उन्हात पाय लांब करून जेवायला बसलो.