घनतेची उडी

माझी पीएचडीची तोंडी परीक्षा सावेडीतल्या घरूनच, ऑनलाइन व्हायची होती. विषय ताऱ्याच्या पोटातला. मोठा तारा मरताना त्याचा गाभा इतका दाबला जातो की मागे शहराएवढा न्यूट्रॉन तारा उरतो. त्याच्या मध्याशी न्यूट्रॉनही चेपून आतले क्वार्क, म्हणजे त्याहून बारीक कण, मोकळे होत असावेत. माझा प्रश्न एवढाच: हा बदल लोणी मऊ पडतं तसा हळूहळू होतो, की पाण्याची वाफ होते तसा एकदम? माझ्या गणितात तो एकदम होत होता. दाब तोच, घनता मात्र उडी मारून वर.

परीक्षेच्या तोंडावर वीज गेली. लॅपटॉप उचलून मी समोरच्या घरातल्या बाईंकडे धावले. शाळेत त्यांनीच मला गणित शिकवलं होतं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता.

"बस माझ्या टेबलाशी. आत्ता चर्चच्या बायका यायच्या होत्या, त्यांना उद्या बोलावते," म्हणाल्या आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने कोपऱ्यात बसल्या.

परदेशातल्या परीक्षकांचा आवाज सौम्य होता, प्रश्न नव्हता. "ही उडी ताऱ्यातली, की तुमच्या कॉम्प्युटरची? आकडेमोड ढोबळ असली की अशा खोट्या उड्या दिसतात."

कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात केलेलं सगळं काम त्या एका प्रश्नाशी येऊन थांबलं होतं. बाईंना इंग्रजी कळत होतं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मी दोन रेषा काढल्या आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "सर, कॉम्प्युटर बाजूला ठेवू. आडव्या अक्षावर एक कण वाढवायला लागणारी ऊर्जा, उभ्या अक्षावर दाब. ही न्यूट्रॉनची रेषा, ही क्वार्कची. छेदतात तिथे दाब सारखा, पण चढ वेगळा. आणि चढ म्हणजेच घनता. उडी येणारच."

"खरा ताराही असाच वागतो, असा दावा आहे?"

"नाही. माझ्या समीकरणांतून हे निघतं, इतकंच. ताऱ्यात काय होतं ते निरीक्षणंच सांगतील."

त्यांनी कागद कॅमेऱ्याच्या आणखी जवळ धरायला सांगितला. मग म्हणाले, "ही आकृती प्रबंधात अगदी सुरुवातीला हवी होती. अभिनंदन, डॉक्टर."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "क्वार्क काय ते मला अजून कळलं नाही. पण उत्तर कसं द्यायचं ते तुला कळलं."

तेवढ्यात नागापूरहून कारखान्याची पाळी संपवून बाबा आले. "झालं का गं?"

"झालं, बाबा."

ते बाईंच्या पायरीवरच बसले आणि मोठ्याने हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.