तालमीच्या मातीत फुगडी

"तालमीचा वाढदिवस हाय, तुमची झिम्मा-फुगडीची मंडळी घेऊन या," असा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून फोन आला आणि मी लगेच हो म्हणाले. नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. त्या तालमीच्या मागच्या गल्लीत माझं माहेर. लहानपणी खिडकीच्या गजाला लोंबकळून कुस्त्या बघितल्या, पण उंबऱ्याच्या आत पाय नाही. बायकांनी जायचंच नाही, अशी तेव्हाची रीत. आणि गंमत बघा, हौद्यात म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात नवी माती पडली की तिच्यात तेल-ताकाबरोबर कालवायची हळद आमच्याच घरातून जायची. आई जात्यावर दळून हात पिवळे करून घ्यायची. आत एकदाही गेली नाही, तशीच वारली. म्हणून यंदा मला त्या मातीत पाय ठेवायचाच होता.

कुरुंदवाडहून आम्ही सहा जणी निघालो. तुम्ही जाणार असाल तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट हाय, पण जागा अर्धीसुद्धा मिळत नाही. जयसिंगपूरला गर्दी घुसते, त्याच्या आधी खिडकी पकडा. माझी जाऊ मंगल, ती नदीचा पूल ओलांडायच्या आतच भूक लागली म्हणून ओरडायला लागली. कोल्हापुरात उतरून आधी मिसळ खाल्ली. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, बेतानं मागा. मंगलनं दोनदा मागितला आणि दिवसभर पाणी पीत हिंडली.

पेठेत रिक्षातून उतरले आणि आधी मान वर करून बघितलं. तालीम तशीच! खाली हौदा, वर माडी. दारात वस्ताद उभे. इथं कुस्ती शिकवणारे. सत्तरी उलटली, पण मान अजून बैलाची. त्यांनीच सगळं फिरवून दाखवलं. संस्थानच्या काळात पेठेतल्या लोकांनी घरचं दगड-लाकूड देऊन ही तालीम बांधली. खाली पैलवान घुमायचे, म्हणजे कुस्तीचा सराव करायचे, वर भजन, नाटकं, गणपतीच्या मेळ्याची गाणी. महापुरात नदीकडच्या वस्तीतली माणसं इथंच राहिली, भाकरी इथंच थापली. मग पोरं जिमला पळाली, हौदा ओस पडला. आता वर पोरी लाठी फिरवतात, म्हातारे कॅरम खेळतात आणि भांडतात. मला तर कुठं बघू आणि कुठं नको झालं.

"तुमचा खेळ वर माडीवर हाय," वस्ताद म्हणाले. "फरशी हाय, पंखा हाय."

"आम्ही खाली खेळणार."

"हौद्यात? बायका?"

"माझ्या आईची हळद गेलती की हौद्यात! ती चालली, मी न्हाय व्हय चालत?"

मंगल माझा पदर ओढायला लागली.

"कुणाची गं तू?" वस्तादांनी विचारलं.

"मागच्या गल्लीतल्या सोनाबाईची."

त्यांनी भिंतीला टेकवलेलं खोरं उचलून माझ्या हातात दिलं. "हितली दुसरी बी एक रीत हाय. माती उकरल्याबिगर कुणी उतरत न्हाय. मंत्र्याला बी सोडलं न्हाय. धर."

आम्ही रानात राबणाऱ्या बायका, आम्हाला खोरं दाखवता! चपला दारात काढल्या, माती कपाळाला लावली आणि सुटलो. वस्ताद "बास, बास" म्हणत होते, पण मी ऐकते कुठली? सगळा हौदा उकरून लोण्यासारखा मऊ केला.

तिथंच फसलो. फुगडीला टणक जमीन लागते, एवढं या गडबडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही! हात धरून पहिली गिरकी घेतली आणि पाय घोट्यापर्यंत रुतले. मंगल एकीकडं, मी दुसरीकडं. पाठीवर आडवी.

"चितपट!" कुणीतरी ओरडलं. अख्खी पेठ हसली.

पण पडल्या पडल्या माझ्या नाकात वास गेला. हळद, तेल, ताक. आईच्या लुगड्याचा वास. मला उठावंसंच वाटेना.

"आक्का, कंबर मोडली काय?" मंगल रडायच्या बेतात.

"गप बस गं जरा."

वस्ताद काठावर बसून डोळे पुसत होते. हसून पुसत होते की कसं, ते त्यांनाच ठाऊक.

तुम्हाला हौदा बघायचा असेल तर सकाळी लवकर जा, पोरं घुमताना बघा, आणि फोटो विचारून काढा.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "काय मिळालं?" म्हटलं, "कंबर भरली, तेल गरम करा." आता रोज संध्याकाळी नदीकाठी मळीच्या नांगरलेल्या रानात आम्ही फुगडी घालतो. जाणारे-येणारे हसतात, हसू देत. टाच टेकवायची नाही, चवड्यावर फिरायचं, एवढं कळलंय. मंगल अजून पडते.

परवा वस्तादांचा फोन आला. नवी माती पडणार हाय म्हणे.

"सोनाबाईच्या लेकी, हळद पाठवशील काय?"

"पाठवणार न्हाय," मी म्हटलं. "घेऊन येते. कालवणार बी मीच."

"ये की," वस्ताद म्हणाले. "खोरं ठेवतो."