आर्वीला पाठवलेलं पत्र

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवासमोर बसलो तेव्हाही नाही. बायको जाऊन आता आठ महिने झाले. मग ऐकायला राहिलं कोण? तुम्ही. तर ऐका, आणि मधेच "जाऊ द्या हो" म्हणू नका. तेरावं झाल्यापासून मी तेच ऐकतोय — काका, तुम्ही काकूंचं किती केलं! काय केलं हो मी? शेवटची दोन वर्षं वेळेवर गोळ्या दिल्या, पाणी गरम करून दिलं. एवढ्यात माणूस देव होतो का?

मला राग येतो. लोकांचा येतो, पण तो वरवरचा. खरा कोणाचा येतो ते सांगायलाच बसलोय.

आम्ही आता भोपाळातच, बाग सेवनियात मुलाकडे राहतो. आम्ही म्हणजे मी — अजून जिभेला सवय नाही. नातसुनेला तिसरा महिना आहे. अन्नाचा वास आला की ती तोंड दाबून पळते, आणि पदरात चार वर्षांची पोर आहे. तर परवा तिनं फोनवर कुठल्याशा बाईचं बघून, गॅस न पेटवताच ताटं वाढली. दह्यात भिजवलेले पोहे, वर काकडी, दाण्याचं कूट. पोरगी मिटक्या मारत जेवली. माझी सून म्हणाली, "किती हुशार गं माझी बाय!" नातू म्हणाला, "तू आता बसच, पोळ्या मी कोपऱ्यावरून आणतो." आणि मी ताटावरून उठलो.

"बाबांना आवडलं नाही वाटतं," सून म्हणाली.

"आजोबांना फोडणी लागते," नातू म्हणाला, आणि सगळे हसले.

फोडणी लागते! तो काय बोलून गेला त्याला काय माहीत?

पंचेचाळीस वर्षांमागे मी कारखान्यात फिटर होतो. टाउनशिपमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे हातभर अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे ढोबळेवहिनी. त्यांचे यजमान स्टोअरमध्ये क्लार्क होते. वहिनींचं माहेर आर्वीचं, माझंही घर आर्वीचं. एवढ्या दूर भोपाळात गावचं माणूस भिंतीला लागून मिळालं म्हणून माझी बायको — सुमन तिचं नाव, मी आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही — सुमन त्यांना धाकट्या बहिणीसारखी चिकटून असायची.

तिसऱ्या खेपेला सुमनला फार त्रास झाला. घरात रॉकेलचा स्टोव्ह. त्याचा वास, त्यात तेल तापल्याचा वास — ती उभीच राहू शकत नव्हती. पोरं दोन, सात वर्षांचा आणि पाच वर्षांची, त्यांना तर भूक लागणारच. मग तिनं तिचं तिचं एक काढलं. सकाळी एकदाच कुकर लावायचा, वरण-भात-बटाटे एकावर एक. शिट्या झाल्या की कुकर तसाच अंगणात न्यायचा आणि नाकाला फडकं बांधून उघड्यावर उघडायचा. कधी ढोबळेवहिनीच भिंतीवरून म्हणायच्या, "तू हो बाजूला, मी उघडते." पोळ्या वहिनी आपल्या चुलीवरच जास्तीच्या लाटून द्यायच्या. बाकी दिवसभर स्टोव्ह नाही. लाह्यांचं पीठ ताकात कालवून, केळ्याचं शिकरण, शिळ्या पोळीचा गूळतुपातला लाडू, कच्च्या पोह्यांना तेल-तिखट चोळून कांदा. पोरं मागच्या पायरीवर बसून खायची आणि विचारायची, "आई, उद्या पण लाडूच ना?"

हुशार नव्हती का ती? कोणी म्हटलं तसं? मी म्हटलं?

मी डबा उघडला की कच्चे पोहे. कारखान्यात आमच्या खात्यातले आठजण गोल करून जेवायचे, ज्याचा त्याचा डबा मधोमध. एक दिवस यादव म्हणाला, "क्यों पाटील, भाभी ने नौकरी छोड़ दी क्या?" दुसऱ्या दिवशी, "आज भी बरत-उपवास है?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो आणि आतून जळालो. बायको घरात अर्धमेली पडते त्याचं काही वाटलं नाही मला — आठ माणसांत माझा डबा हलका पडला, त्याचं वाटलं. असा होतो मी. लपवायचं काय त्यात?

आता ते पत्र.

मी तिसरी शिकलेला. घरची सगळी पत्रं सुमन लिहायची, मी सांगायचो आणि खाली सही करायचो. पण हे पत्र मी लिहिलं. माझ्या हातानं. दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत, लेथ मशीनच्या मागे बसून, एक आंतरदेशीय पत्र भरलं. आर्वीला आईला लिहिलं की सून स्वयंपाक करत नाही. पोरांना कच्चं खायला घालते. कुकर अंगणात नेऊन नाकाला फडकं बांधून उघडते, लोक बघतात. तू ये. आणि मी कळवलं ते सांगू नको. पोरं खुशीत होती, अंगानं भरली होती — हे लिहिलं नाही.

आई आली. दारातच म्हणाली, "काय गं, अन्नाला फडकं बांधून शिवतेस म्हणे? ते अन्न आहे की मेलेला उंदीर?" आम्हालाही चार-चार लेकरं झाली, म्हणाली. मग दोन वेळा फोडणीचं वरण, परतलेली भाजी, गरम पोळ्या. सुमन फोडणी टाकायची, मागच्या नळावर जाऊन ओकायची, चूळ भरून परत येऊन लाटणं हातात घ्यायची. मी ते बघत जेवलो. डब्यात वांग्याची भाजी गेली. यादव म्हणाला, "अब हुई ना बात!" — आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

महिनाभरानं ती नळापाशीच बसली ती उठेना. दवाखान्यात नेलं, बाटल्या लावल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इनको चूल्हे के सामने खड़ा किसने किया?" मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. वाचता कुठे येत होतं धड?

पण माझा खरा गुन्हा हाही नाही. तुम्हाला वाटलं असेल, झालं, सांगून झालं. नाही.

दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी तिनं विचारलं. आई बाहेर होती. हळू आवाजात म्हणाली, "अहो, फडक्याचं आईंना कोणी सांगितलं? तुम्ही तर कळवलं नाही ना?"

मी म्हणालो, "मी? मला पत्र लिहिता येतं का?"

तिला ते पटलंच. माझं प्रत्येक पत्र तिच्याच हातचं होतं. तेवढ्यावर थांबायचं ना? नाही थांबलो. माझं नाव पुन्हा कधी निघू नये म्हणून पुढे म्हणालो, "तुझी ढोबळेवहिनी गेली होती ना आर्वीला, भावाच्या लग्नाला?"

बस. एवढंच. एका बाईचं नाव घ्यायला किती वेळ लागतो? पाणी पिण्याइतकाही नाही.

सुमन भांडली नाही. भांडली असती तर खरं बाहेर आलं असतं. दुसऱ्या दिवशी वहिनी भिंतीवरून पोळ्यांचा डबा घेऊन उभ्या राहिल्या, "सुमन, घे गं, अजून गरम आहेत," आणि सुमन आत निघून गेली. मी खाटेवर बसून होतो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वहाणा शोधायला लागलो.

त्यानंतर अकरा वर्षं त्या शेजारी होत्या. अकरा वर्षं! मधे फक्त कमरेएवढी भिंत. संक्रांतीला तिळगूळ नाही, हळदीकुंकू नाही. आमची धाकटी जन्मली तेव्हा वहिनींनी झबलं पाठवलं, सुमननं ते घडी न मोडता परत केलं. पुढे ढोबळे रिटायर होऊन नागपूरला गेले. सुमनला तशी मैत्रीण पुन्हा झाली नाही. कोणी नवीन बाई बोलायला आली की म्हणायची, "नको बाई, घरातलं बाहेर जातं." हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं. जेवता जेवता ऐकलं. आई तर कधीच वारली होती, पत्राचं तिनं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. धाकटी सुखरूप निघाली, आता तिला लेकरं आहेत. म्हणून मी सुटलो का?

सुमन गेल्याचं कळल्यावर ढोबळेवहिनी आल्या. नागपूरहून, मुलाबरोबर, हातात काठी. फोटोला हात जोडले. मुलं चहाचं बघायला आत गेली, त्यांचा मुलगा गाडीपाशी होता, तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? आता ती नाही म्हणून विचारते. माझं काय चुकलं होतं? मी किती वर्षं आठवून आठवून बघितलं. मला सापडत नाही."

समोर बसल्या होत्या. ऐकायला कोणी नव्हतं. सुमन नव्हती, आई नव्हती, नोकरी नव्हती — मला भ्यायला जगात कोणी उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "मला काय माहीत, वहिनी. तिचा स्वभावच तसा होता."

मेलेल्या बायकोवर ढकललं.

वहिनी म्हणाल्या, "नाही हो, तसा नव्हता तिचा स्वभाव." चहा अर्धा ठेवला. मुलानं हात धरून त्यांना गाडीत बसवलं, आणि मी दारात उभा राहून त्यांना जाऊ दिलं.

वहिनी आर्वीत एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पत्र मी लिहिलं होतं.