आचाऱ्याचा पहिला घास

बेडसे गावचा हौशीराम आचारी चारशे माणसांच्या पुऱ्या एका दमात तळतो आणि त्यातली एकही खात नाही. सहा वर्षांपूर्वी जुलाब, अशक्तपणा आणि असंख्य तपासण्या यांतून शेवटी निदान निघालं: सीलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. औषध नाही. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद. एवढ्या मोठ्या तालुक्यात देवाला हा आजार द्यायला नेमका आचारीच सापडला, याचा मला आजही राग येतो.

तसं मावळात जगायला गहू लागतो कुठे? हौशीरामच्या आज्या-पणज्यानं भात आणि तांदळाची भाकरी खाऊनच आयुष्य काढलं. पण लग्नात नुसता भात वाढून चालत नाही. पुरी हवी, जिलेबी हवी. त्यात आमच्याकडे रीत अशी की कढईतली पहिली पुरी आचाऱ्याने यजमानासमोर खायची, मगच पंगत बसायची. हौशीराम कधी उपास सांगायचा, कधी दाढदुखी. सहा वर्षांत त्याचे इतके उपास झाले की एखाद्या महाराजांनी त्याला गुरू करावं. लोक कुजबुजायला लागले, "सोताच्या हातचं खात न्हाई, म्हंजी काय कालवतो त्यात?" खरं सांगायची सोय नव्हती. ज्याला गहूच बाधतो त्याच्याकडून पुऱ्या कोण तळून घेणार? धंदा बुडाला असता.

अशात पुण्याच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. नव्या औषधाची चाचणी होती. जेवणाआधी घ्यायची गोळी. ती म्हणे ग्लूटेनचे पोटातच बारीक तुकडे करते, आतड्याला त्रास होऊ देत नाही. त्यांना पथ्य पाळूनही त्रास होणारे रुग्ण हवे होते. डॉक्टर सहा वर्षं हौशीरामला ओरडत होते की पिठाच्या धुरळ्यात उभा राहू नकोस. त्याच धुरळ्याच्या जोरावर आता त्याची निवड झाली. शाळेत जे जमलं नाही ते इथं जमलं, पठ्ठ्या पहिल्या फटक्यात पास.

चाचणीचं काम बघणाऱ्या समीक्षा नावाच्या मुलीने त्याला तासभर समजावलं. "काका, नीट ऐका. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते आम्हालाही माहीत नाही. आणि खरी असली तरी ती चुकून पोटात गेलेल्या कणांसाठी आहे. पुरी खायचा परवाना नाही हा." हौशीरामने मान डोलावली, सही केली. कामशेतला गाडीतून उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त परवाना शिल्लक राहिला.

पंधरा दिवसांनी गावातल्या सीताराम आबांच्या नातीचं लग्न आलं. कढई तापली, पहिली पुरी टम्म फुगली. आबांनी मुद्दाम चार पाहुणे गोळा केले आणि विचारलं, "हौशा, आज कसला उपास?"

"कसलाच न्हाई आबा. आज खातो."

गोळी तासापूर्वीच पोटात गेली होती. त्याने एक पुरी खाल्ली. मग दुसरी. मग जिलेबी. मांडवात हशा झाला, आबांनी पाठ थोपटली. हौशीराम इतका हरखून गेला होता की चवीकडे त्याचं लक्षच नव्हतं. आता आपल्यावर कुणाचा संशय नाही, या एका गोष्टीसाठी तो सहा वर्षं झुरला होता.

दुपारी भांडी टेम्पोत चढवताना तो पोट धरून खाली बसला. ओकाऱ्या थांबेनात. तीन दिवस कामशेतला सलाईनवर होता. आणि गावाने निष्कर्ष काढला, "आचारीच पडला म्हंजी जेवनच बाधलं." चारशे माणसं ढेकर देत ठणठणीत घरी गेली होती, त्याचा कुणाला पत्ता नाही. उलट दोघांना आठवलं की आपलंही पोट त्या दिवशी जड होतं. दोघांनी मिळून तीस जिलेब्या हाणल्या होत्या, हे मात्र आठवलं नाही. पुढची दोन लग्नं हातची गेली. खात नव्हता तोवर नुसता संशय होता. खाल्लं आणि पुरावाच मिळाला.

समीक्षाला फोन केला तर ती आधी घाबरली, मग रागावली, मग म्हणाली, "वहीत सगळं लिहा. किती पुऱ्या, किती वाजता."

"पन माजी गोळी खरी का खोटी, त्ये तरी सांग."

"ते चाचणी संपल्यावर कळेल, दीडेक वर्षाने. धीर धरा, काका. शरीराला गव्हाची सवय करून द्यायची, अशाही औषधावर काम चाललंय."

"मला लय सवय हुती, पोरी," हौशीराम म्हणाला. "गव्हालाच माजी सोसंना."

आबा भेटायला आले, तेव्हा हौशीराम पुन्हा दाढदुखीच्या वळणावर जायला लागला. त्याची बायको रेणुका चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला.

"आबा, जेवनात कायबी नव्हतं. ह्यांना गहूच चालत न्हाई. सा वर्सं आमी लपवलं."

आबांनी कप उचलला. चिडले असावेत, पण चहा संपवला. "माज्या भावाकडं म्हैन्यानं लगीन हाये," ते म्हणाले. "सांगतो त्याला. पन मग पयली पुरी खानार कोन?"

"मी," रेणुका म्हणाली.

त्या लग्नात ती कढईपाशी उभी राहिली. नवऱ्याच्या भाकरीला गव्हाचा कण लागू नये म्हणून या बाईने सहा वर्षं घरात कणीकच आणली नव्हती. आणि त्याच्यासमोर काय खायचं, म्हणून बाहेरही कधी पोळीला हात लावला नव्हता. पहिली पुरी तिने चार माणसांसमोर सावकाश, पूर्ण खाल्ली. हौशीराम झारा हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या पुऱ्यांना गावाने सहा वर्षं "एक नंबर" म्हटलं होतं.

"कशी झालीय?"

"मीठ कमी हाये."

त्याचा चेहरा उतरला. "आजच, का सा वर्सं?"

"मला काय ठावं?" रेणुका म्हणाली. "मीबी आजच खातीया."